जिराफाची मान

नातीचे कान टोचायला सोनार घरी आले होते आणि मी व्याह्यांना उत्क्रांती समजावून सांगत होतो. घरात जीवशास्त्राचा निवृत्त शिक्षक असला की पाहुण्यांचे असे हाल होतातच.

“मग आत्ताची माकडं माणसं का होत नाहीत?” व्याह्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला.

“माकडं राहू द्या, जिराफ घ्या. उंचावरचा पाला खायला त्यानं मान ताणली, त्याच्या पिल्लानं आणखी ताणली. पिढ्यान्‌पिढ्या ताणून ताणून मान लांब झाली. झाली उत्क्रांती!” व्याह्यांनी मान डोलावली. मी विजयाचा चहा मागवला.

सोनारांनी तार कानातून आरपार नेली आणि नातीच्या तोंडात साखर घातली. “सर, तुमचे कान माझ्या वडिलांनी टोचले, हिच्या बापाचे मी टोचले. मग हिनं भोकं घेऊनच जन्माला यायला हवं होतं की!”

नातीनं भोकाड पसरलं. मलाही तेच करावंसं वाटलं. पुस्तकात सरळ लिहिलं होतं: ज्यांची मान जन्मतःच लांब होती ते तगले, त्यांचाच वंश वाढला. पण ताणलेली मान फळ्यावर झोकात दिसायची, म्हणून एकतीस वर्षं मी तीच शिकवली.

कानाची भोकं पुढच्या पिढीत उतरत नाहीत, हे मला पटलं. पण माझी एक विद्यार्थिनी आता जीवशास्त्र शिकवते. गेल्या गुरुपौर्णिमेला तिनं तिच्या वर्गातल्या फळ्याचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, “सर, तुमचाच जिराफ!”