फळवालीच्या मागे

पोंताव्हेन गावातल्या पुलाजवळ सफरचंदं विकणाऱ्या कातेलने पॅरिसच्या चित्रकाराने काढलेलं आपलं चित्र पाहिलं. ठसठशीत निळ्या रेघांत ती, वर पिवळंजर्द आभाळ, आणि मागे भुवईवर व्रण असलेला माणूस. समुद्रात बुडालेला तिचा नवरा मालो! “अहो, ह्याला कुठे पाहिलंत?” “रोज तुमच्या मागेच उभा असतो, बाई. चिंब भिजलेला.” मागे वळायची तिची छाती झाली नाही. “मालो, आज हेर्वेशी माझं लग्न ठरतंय,” ती पुटपुटली. “आता जा रे.” तेवढ्यात हेर्वे हसत आला. मालोच्या होडीतून जिवंत परतलेला तो एकटाच. “चल गं, पाद्रीबाबा खोळंबलेत!” चित्रकार तिच्या कानाशी कुजबुजला, “तो आता ह्यांच्या मागे उभाय.” कातेलने विचारलं, “हेर्वे, मालो नेमका कसा बुडाला?” उत्तर द्यायच्या आधी हेर्वेने मागे वळून पाहिलं.