दयाराम लहाने स्मृती चषक

“दयाराम लहाने यांचं घर हेच ना?”

“हाव,” दयाराम म्हणाला. तो अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधत होता. बोंडअळीनं सलग दुसऱ्या वर्षी पीक खाल्लं, तेव्हा त्यानं उभी कपाशी उपटून मका पेरला होता.

गाडीतून दोघं उतरली. पुण्याहून नागपूरला जाताना वाट वाकडी करून ती जानेफळला आली होती. शंतनूच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. भार्गवीनं पांढरा कुर्ता घातला होता, आणि तो मुद्दाम घातलाय हे कळत होतं.

“आम्ही नीलचे मित्र,” शंतनू म्हणाला. “कॉम्प्युटरला स्टिअरिंग लावून गाड्यांच्या शर्यती करतो आम्ही, ऑनलाइन. पन्नास-साठ जणांची लीग आहे आमची. त्याच्या बाबांचं कळलं होतं, पण तेव्हा कुणालाच येता आलं नाही.”

“नीळकंठच्या बाबाचं? काय कळलं?”

“आपण कोण?” भार्गवीनं विचारलं.

“मी त्याचा बाप.”

दोघं एकमेकांकडे बघू लागली. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली दयारामची बायको पुष्पाबाई दारातच थांबली. दयारामनं शंतनूच्या हातातली वस्तू घेतली आणि कापड काढलं. आत काचेचा चषक होता, वर पितळी गाडी. खाली अक्षरं कोरलेली होती. सातवी शिकलेल्या दयारामनं ती सावकाश वाचली. ‘कै. दयाराम लहाने स्मृती चषक.’ पहिलं अक्षर त्यानं अंगठ्यानं पुसून पाहिलं.

“कशानं मेलो मी?”

शंतनूनं भार्गवीकडे पाहिलं.

“सांगा ना ताई. इतक्या दूर आले तं सांगून जा.”

“फवारणीचं औषध…” भार्गवी खाली बघत म्हणाली. “कापसाला अळी लागली म्हणून. रेस सुरू व्हायच्या आधी ग्रुपवर जुना फोटो टाकून त्यानं सांगितलं. सगळ्यांनी माइक बंद करून दोन मिनिटं शांतता पाळली. मग तो रडत रडत चालवत होता, आणि पहिला आला.”

“स्टेअरिंग अन् पायानं दाबाचं थे सामान कुठून आलं?” दयारामनं विचारलं.

“ते आम्ही सगळ्यांनी मिळून घेऊन दिलं,” शंतनू म्हणाला. “दुःखातून बाहेर पडायला मदत होते हो. लोक व्यसन म्हणतात, पण ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. माझी आई गेली तेव्हा मी चार दिवस स्टिअरिंगसमोरच होतो.”

“खरंच गेली का माय तुमची?”

शंतनूचा चेहरा उतरला. त्यानं मान हलवली. दयारामनंही हलवली, पण विश्वास बसल्यासारखी नाही.

“आमाले तं थे बक्षिसात भेटलं म्हने,” पुष्पाबाई नवऱ्याला हळूच बोलली. “अन् तुमचा थो जुना फोटो मायाजवळूनच नेला त्यानं. आधारचं काम हाय म्हने.”

“एखादा फोन तरी करा लागत व्हता,” दयाराम म्हणाला. “गावात कोनालेही इचारलं असतं तं समजलं असतं.”

“शंका कशी येणार काका? बुलढाणा जिल्हा, कापूस, अळी. रोज पेपरात वाचतो आम्ही,” शंतनू म्हणाला.

“मका पेरला थे नाई येत पेपरात.”

आतल्या खोलीतून मघापासून येणारा शर्यतीतल्या इंजिनाचा आवाज थांबला. नीळकंठ बाहेर आला. सव्वीस वर्षांचा, हातात बोटं कापलेले मोजे, गळ्यात हेडफोन. त्यानं शंतनूकडे पाहिलं, भार्गवीकडे पाहिलं, चषकाकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं नाही.

“ग्रुपवर टाकू नका, प्लीज,” तो म्हणाला. अगदी पुण्याच्या मराठीत. ही मराठी त्याच्या आईबापानं त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. “एवढा सीझन होऊ द्या. मी गुणांमध्ये दुसरा आहे.”

“तुझे वडील बसलेत इथे,” भार्गवी म्हणाली.

“हो, पण मी खोटं बोललो ते तेवढंच. रेसमध्ये कधी चीटिंग केली का मी? सांग ना शंतनूदादा, कुणाला मुद्दाम धडक दिली? कधी तरी?”

भार्गवीला वाटलं, आता शंतनू याच्या कानाखाली आवाज काढील. पण शंतनू विचार करू लागला. अगदी मनापासून विचार करू लागला.

“ट्रॅकवर तू स्वच्छ आहेस, ते खरंय,” तो म्हणाला. “आणि बाहेरच्या गोष्टींसाठी आपल्याकडे नियमच नाही. कमिटीशी बोलावं लागेल. चार रेसची बंदी तरी येईल.”

“चारमध्ये सीझनच जातो. दोन करा.”

“दोन फार कमी होतात रे. तीन.”

“मग पुढच्या महिन्यापासून धरा. या रविवारची होऊ द्या.”

दयाराम दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. बाजारात बैलाचा सौदा बघावा तसा, आणि दोन्ही बैल लंगडे असावेत तसा. मग त्यानं चषक ओट्यावर ठेवला आणि हात धोतराला पुसले.

“काका, माफ करा,” भार्गवी म्हणाली.

“तुमाले कायले माफ करू? तुमाले मी मेलेलाच पटलो.”

शेतातल्या पंपाची वीज आली होती. मक्याला पाणी सोडायचं होतं. त्यानं डोक्याला दुपट्टा बांधला, पायात चप्पल सरकवली आणि फाटकापाशी जाऊन वळला.

“आयकलं का वं,” तो बायकोला म्हणाला, “तीन कप चहा टाक. पाव्हने तीन हायेत.”

पुष्पाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. नीळकंठ मोबाईल काढून शंतनूला कसली तरी तारीख दाखवत होता. ती आत गेली. पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले बशीवाले कप तिनं फळीवरून उतरवले. दोन झटकन पुसून झाले. तिसरा ती बराच वेळ पुसत राहिली.