बाळूच्या नावाचं रक्त

मुंबईहून दवाखान्यात आलेला तपासणीचा कागद डॉक्टर पद्मजाबाईंनी दोनदा वाचला आणि काशिरामला सांगितलं, तुमचं तुमच्या भावाशी, बाळूशी, जुळत नाही.

काशिरामला ते पटेना. एका आईची दोन लेकरं, आणि जुळत नाही म्हणजे काय? बाईंनी पुन्हा समजावलं. रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होतं. तांबडी पेशी चारेक महिने जगते, मग मगज तिच्या जागी नवी घडवतो. बाळूचा मगज सुकला होता. बाटलीनं चढवलेलं रक्त जेमतेम पंधरा दिवस पुरत होतं. भावाचा मगज देता आला असता तर आशा होती. पण सख्ख्या भावांतही चारात एखाद्याचाच जुळतो.

मग त्यांनी बाळूच्या कारखान्याची फाइल पुढे ओढली. तो तिथे रंग पातळ करायच्या थिनरच्या टाक्या धुवायचा; त्याच्या वाफांनी मगज सुकतो. कारखाना कायद्याला अगदी धरून. दर तीन महिन्यांनी कामगारांचं रक्त तपासायचा. पहिल्या तपासणीत पेशी कमी होत्या. पुढच्या तिन्ही वेळा रक्त उत्तम, शेवटची तपासणी तर बाळू आजारी पडण्याच्या महिनाभर आधीची.

"मगज असा महिन्याभरात सुकत नाही," बाई म्हणाल्या. "हे रक्त कुणाचं?"

काशिरामनं मिठानं चिरलेले आपले तळवे चोळत सगळं सांगितलं. ठेकेदारानं बाळूला बजावलं होतं, पुन्हा कमी आलं तर येऊ नकोस. जमीन गेल्यावर घरात आलेली ती एकच नोकरी. सुई टोचणारा नाव वाचायचा, तोंड कुणाचं बघायचा नाही. बाळूच्या नावाचा पुकारा झाला की मिठागरात राबलेला काशिराम दंड पुढे करायचा. तिन्ही वेळा बाळू पास झाला, आणि तिन्ही वेळा परत टाकीत उतरला.

बाईंना संताप आला, पण तो काढायचा कुणावर?

"खरं रक्त दिलं असतं, तर तो त्या थिनरपासून वेळीच लांब झाला असता."

"नोकरीपासून बी झाला असता, बाय."

पलीकडच्या खाटेवर बाळूला खोकला आला. काशिराम तिकडे वळला नाही. त्यानं सदऱ्याची बाही वर सारली आणि दंड टेबलावर ठेवला.

"पुना येकदा तपासा. कारखान्यात तं माजं रगत त्याच्या नावावर तीनदा चाललं."