शेवटचा फोटो

कुंदा पलंगावर चादर घालत होती, तेवढ्यात मेट्रनबाई मोबाइल घेऊन वॉर्डात आल्या. "कुंदा, परीक्षा पास झालीस. आता तू आया नाहीस, नर्स झालीस."

"बरं," कुंदा म्हणाली आणि तिने चादरीचा कोपरा गादीखाली नीट खोचला. चार वेळा नापास झाल्यावर, निकाल ऐकताना हातातलं काम सोडायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"नोंदणीचा अर्ज आजच भर. फोटो आहे ना?"

सात वर्षांपूर्वी काढलेल्यांतला एकच उरला होता, तोही सहाव्या परीक्षेच्या अर्जावर चिकटवलेला. निकालाआधीच ती पुढचा अर्ज भरून ठेवायची, म्हणजे नंतर रडत बसायला नको. तिने तो अर्ज आणला आणि पेशंटची चिकटपट्टी काढतात तसा, कापसाच्या ओल्या बोळ्याने फोटो अलगद सोडवला.

मेट्रनबाईंनी तो उजेडात धरला. दोन वेण्या, दात दिसतील एवढं हसू.

"ही कोण? धाकटी बहीण का तुझी?"

"मीच. पहिल्या परीक्षेच्या वेळची," कुंदा उशीला अभ्रा चढवत म्हणाली. "हिला आज फार आनंद झाला असता."