दोघींचा निबंध
पाथर्डीच्या शाळेत बाईंनी दोघीदोघींना मिळून एकच निबंध लिहायला सांगितला. विषय होता ऊस. नेहमी पहिली येणाऱ्या एस्तेरच्या जोडीला आली आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणारी, अर्धं वर्ष शाळेत नसणारी आरती. एस्तेरनं लिहिलं, 'ऊस हे नगदी पीक आहे.' आरतीनं खाली लिहिलं, 'ऊस जमिनीला घासून तोडावा, खरी गोडी बुडख्यात असते.' गुण जातील या भीतीनं एस्तेर ते खोडायला निघाली. "कोणत्या पुस्तकात आहे हे?" "पुस्तकात न्हाई. आई सांगती." एस्तेर थबकली. घरी ऊस आला की तीही बुडख्याचंच कांडं मागायची. "आणखी काय सांगते आई?" आरती सांगत गेली, एस्तेर लिहीत गेली. पान पाठपोट भरलं. शेवटी लिहिणाऱ्यांची नावं टाकायची होती. एस्तेरनं स्वतःचं लिहिलं, आरतीचं लिहिलं आणि विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय गं?"