उरलेला रोलर
नवरा मिस्त्री असला तरी त्याने पुसलेलं तिला पटत नसे. म्हणून जुन्या मोटरसायकलच्या गिअरबॉक्सचे भाग तिनेच रॉकेलात धुऊन पुसले. तुटल्या दाताचा गिअर बदलून त्याने झाकण लावलं आणि लेक गाडी घेऊन उताराकडे निघाली. इकडे आईने पुसायचं फडकं झटकलं, तसा बेअरिंगमधला हरभऱ्याएवढा रोलर टणकन फरशीवर पडला. एक कमी पडला की मागचं चाक जाम होऊन माणूस फेकला जातो, हे तिला पाठ होतं. तिने तो उचलून मुठीत धरला. दूरवरची फटफट अचानक थांबली. ती रस्त्याकडे धावली. कोपऱ्यावरून लेक गाडी ढकलत आली. “बाबा, पेट्रोल कोण भरणार होतं?” “अहो, गिअरबॉक्स पुन्हा उघडा,” ती म्हणाली. “वेड लागलंय का तुला?” नवरा वैतागला. तिने मूठ उघडली. “मोजून बसवायचे नाहीत?” तिने खडसावलं, पण हातातलं फडकं पुन्हा एकदा झटकून पाहिलं.