उंदरांचा वाटा

“रोज एक उकडलेला बटाटा कोठाराकडच्या भिंतीतल्या त्या भोकापाशी ठेवायचा. उंदरांचा वाटा,” गेनोवेफाबाईंनी आपल्या तळघरात लपवलेल्या ज्यू फ्रुमाला बजावलं होतं. शेजारच्या कोठारात जर्मन शिपाई मुक्कामाला आले, त्याच दिवशी. “पोट भरलं की पोरीला चावत नाहीत ते. विसरू नकोस.”

फ्रुमानं मान डोलावली होती. पण ती कॉलेजात शिकलेली. खाऊ घातलं की उंदीर वाढतात, एवढं तिला कळत होतं. आणि तळघरात तिच्या लेकीच्या, पेस्याच्या, बरगड्या दिसायला लागल्या होत्या. बटाटा तिनं पेस्याला भरवला. भोक ओल्या मातीनं बुजवून टाकलं. काही रात्री भिंतीत खरवडल्याचा आवाज ऐकू आला, मग थांबला.

“वाटा ठेवलास?” बाई वरून रोज विचारायच्या.

“ठेवला.”

रोज तेच खोटं, रोज तीच मान खाली.

वल्हांडणाच्या, ज्यूंच्या सणाच्या दिवशी बाईंनी फडताळातून मूठभर पीठ काढलं. “फुगायच्या आत भाजायचं म्हणे! भारी घाईचा गं देव तुमचा,” असं पुटपुटत त्यांनी बेखमीर भाकरी खाली दिली. सणाला लागणारा द्राक्षारस नव्हता, कपात बिटाचं लाल पाणी होतं.

“आता काय?” पेस्यानं विचारलं.

“आता दार उघडून भुकेल्याला हाक मारायची. मग आपण जेवायचं.”

“बाहेर तर शिपायांचे बूट वाजतायत.”

“मग मनातच मारू.”

पेस्या भाकरीकडे बघत राहिली. “आई, उंदीरपण भुकेले असतील ना? त्यांचा बटाटा मीच खाल्ला.”

फ्रुमाला वाटलं, लेकीला खोटेपणा आपणच शिकवला. निदान आज तरी नको.

“चल,” ती म्हणाली, “त्यांचंच दार उघडू.”

भाकरीचा तुकडा बाजूला ठेवून ती चमच्यानं भोकाच्या कडा कोरू लागली. वाळलेला गोळा अख्खाच बाहेर आला. पेस्यानं तो उचलला, उलटा करून दिव्यापाशी धरला आणि भिंतीपलीकडच्या बाजूला पडलेल्या खळग्यांत एकेक बोट घालून पाहिलं. बरोब्बर बसली.

“आई, उंदरांची बोटं माझ्याएवढी असतात?”

फ्रुमानं भोकाला कान लावला. मग शिपायांची पर्वा न करता ती शिडीवर धावली आणि तळघराच्या झडपेवर मुठी आपटू लागली.

“बाई! भिंतीपलीकडं बघा. कुणीतरी जाऊन बघा!”